दुपट्ट्याखाली झालेला मोटारीचा सौदा

अमरावती,
कार्तिक शुद्ध षष्ठी, शके १८५९

चि. खुशालराव यांस, वयाने वडील व नात्याने मेहुणा केशवराव याचे अनेक आशीर्वाद.

येथे आम्ही उभयता देवाच्या दयेने बरे आहोत. कौंडण्यपूरच्या मंडळींचे क्षेमकुशल तुमच्या पत्रावरून कळावयास हवे होते. परंतु त्या पाच ओळींत "भाऊबीजेले काहून नाई आले, मायनं अन्न कमी केलं, पुनवेच्या आत बाईले घेऊन या" एवढाच मजकूर आहे. (त्यात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. त्या तांबड्या शाईने दुरुस्त करून पत्र सोबत परत पाठवीत आहे. राग मानू नये. तुमच्या वयाच्या कित्येकांना मी असेच सुधारले आहे.) ती. गं. भा. पार्वताबाईंच्या प्रकृतीचे वाचून तुमची भगिनी दोन दिवस नीट जेवलेली नाही. ऐंशी उलटलेल्या मातेने लेकीची वाट पाहावी आणि चौदा-पंधरा कोसांवरील लेकीला पोचता येऊ नये, याचा दोष तुम्ही माझ्या माथी मारला आहे. तो तसा नाही. तो या वऱ्हाडातील जुन्या मोटारी विकणाऱ्या समस्त जमातीचा आहे, हे पुढील मजकुरावरून तुमच्या ध्यानी येईल.

माणिकबाईंचे गुडघे गेल्या तीन वर्षांत पार गेले आहेत, हे तुम्हांस ठाऊकच आहे. बैलगाडीत चढणे, तीत मांडी घालून बसणे आणि खाचखळग्यांचे हिसके सोसणे त्यांना आता अशक्य आहे. सर्व्हिस मोटारीचा उपाय तुम्ही सुचवाल. मी ती एकदा वापरली आहे. माझ्या डावीकडे एक बोकड होता, उजवीकडे त्या बोकडाचा मालक होता, आणि दोघांपैकी ज्याने माझे उपरणे चघळले त्याच्याविषयी मला कमी तक्रार आहे. शिवाय ती कुऱ्ह्यालाच सोडते व पुढे पुन्हा बैलगाडी आहेच. म्हणून दसऱ्यास मी तुम्हांस लिहिले की, यापुढे तुमची भगिनी माहेरी येईल ती चार दारांच्या, काचा लागलेल्या, वर पक्के छप्पर असलेल्या स्वतःच्या मोटारीतून येईल. (हे पत्र तुम्ही पारावर मोठ्याने वाचून दाखविल्याचे समजले. मी ते त्यासाठी लिहिले नव्हते.) तुमच्या गावातूनच श्रीकृष्णाने रुक्मिणीस रथात घालून नेले. मला एका वृद्ध पत्नीस त्याच गावी केवळ पोचवावयाचे आहे, तरी रथ मिळता मिळत नाही!

रकमेविषयी प्रथमपासूनच माझा निश्चय होता. आपल्या संत्र्याच्या बागेच्या दोन बहारांतून वाचलेले आठशे रुपये मोटारीसाठी, आणि त्यावर एक पैही नाही. आठशे म्हटल्याबरोबर विकणारे लोक आपल्याकडे ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने मी चाळीस वर्षांच्या मास्तरकीत नापास मुलाकडेसुद्धा पाहिलेले नाही.

पहिली मोटार येथीलच सहदेव नावाच्या कंत्राटदाराची. त्याने दारावर पाटी लावली होती : "मोटर विकने आहे भाव वाजबी". मी खिशातील पेन्सिलीने ती आधी दुरुस्त केली व मग आत गेलो. (याचा त्या गृहस्थास राग का यावा, हे मला अद्याप उमगलेले नाही. शुद्ध पाटीमुळे गिऱ्हाईक वाढलेच असते.) मोटार गोठ्यात होती. तिला दारे चार होती हे खरे, परंतु त्यांपैकी एक सुतळीने बांधलेले, दुसरे मुळीच न उघडणारे आणि तिसरे उघडल्यावर हातातच येणारे. मागील आसनावर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. मी तिच्याविषयी पृच्छा केली, तेव्हा सहदेव म्हणाला, "तिचं काय घेऊन बसले गुरुजी? आठ दिवसांत पिल्लं निघते, मंग सीट मोकळी." या मोटारीचे तो अकराशे मागत होता. मी म्हटले, आठशे. त्याने माझ्याकडे पाहिले, मग कोंबडीकडे पाहिले, आणि कोंबडीला म्हणाला, "बस वं तू आरामात." यापेक्षा अपमानकारक उत्तर मला उभ्या आयुष्यात कोणी दिलेले नाही.

यानंतर आमच्या शेजारचे नत्थुजी, जे कापसाच्या जिनात फिटर आहेत, त्यांनी बातमी आणली की अकोल्यास कोणा एक्झिक्युटिव्ह इंजिनियर साहेबाची मोटार आहे. साहेब विलायतेस परत गेला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला व त्यात ती पुंजाराम या इसमाने घेतली. साहेबाने वापरलेली, निळी, बंद, आसनांवर चामडे, मागे बसणाराला पाय ताणता येतील एवढी ऐसपैस! मी आठशे रुपये बंडीच्या आतल्या खिशात शिवून घेतले आणि भाऊबीजेपूर्वी आठ दिवस नत्थुजींसह आगगाडीने अकोले गाठले. नत्थुजी प्रवासभर मला मोटार कशी तपासावी ते सांगत होते व त्यावरून त्यांचे या विषयातील ज्ञान गाढ असावे असे मला वाटले.

पुंजाराम हा बैलबाजारातला दलाल निघाला. जन्मभर बैल विकलेले, मोटार ही पहिलीच. त्यामुळे तिचे वर्णनही तो त्याच पद्धतीने करी. पुढच्या दिव्यांवर थाप मारून म्हणे, "डोळे पाहा, कसे पानीदार!" चाकांना हात लावून म्हणे, "खूर एकदम निब्बर." तिने कोणाला मारल्याची वा ती वाटेत बसल्याची एकही तक्रार नाही, असे त्याने गळ्याची शपथ घेऊन सांगितले. मी विचारले की, ती चालते काय? त्यावर तो दुखावला. "गुरुजी, साहेबाच्या दावनीची हाय ते. चालते काहून नाई?" नत्थुजी तपासणीसाठी मोटारीखाली शिरले व केवळ त्यांचे पाय बाहेर राहिले. भोंगा वाजविला तेव्हा आसपासचे बैल एकदम उठून उभे राहिले. मी मागच्या आसनावर बसून पाहिले, आणि खुशालराव, खोटे कशास लिहू, मला ती पसंत पडली. पाय खरोखरच पूर्ण ताणता येत होते.

आता पुढील भाग लक्षपूर्वक वाचावा. मी खाली उतरलो, तो पुंजारामाने खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझा पंजा आपल्या हातात घेतला. माझ्या चष्म्याकडे व पागोट्याकडे पाहून एका अडाणी माणसाच्या मनात शिक्षकाविषयी आदर दाटून आला, आणि चारचौघांत तो दाखविण्याचा संकोच वाटल्यामुळे त्याने वर वस्त्र घेतले, असे मी समजलो. त्याने माझा पंजा एकदा दाबला. नंतर चार बोटे दाबली. एवढ्या आस्थेने माझा हात कोणी धरल्यास बरीच वर्षे लोटली आहेत. मला गहिवरून आले. मीही त्याचा अख्खा पंजा दाबला, आणि एकदा दाबून समाधान होईना म्हणून पुन्हा दाबला.

 पुंजारामाने दुपट्टा आकाशात उडविला आणि "सौदा झाला! हजार!" अशी आरोळी ठोकली. चहूकडून लोक जमले, कोणी माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला, कोणी मोटारीच्या कपाळाला कुंकू लावले, आणि एकाने तर सवयीने तिच्या पुढे कडब्याची पेंढी आणून टाकली.

तुम्ही आता हसत असाल. तुम्हांस ही रीत पाळण्यापासून ठाऊक आहे, मला नव्हती. सातव्या वर्षी मला शिक्षणासाठी भातकुलीहून अमरावतीस धाडले, त्यामुळे बाजारात आमचे वडील वस्त्राखाली दुसऱ्याचा हात धरून बसत, तेव्हा ते त्याच्या प्रकृतीची विचारपूस करीत असावेत, असा माझा परवापर्यंत समज होता! एक बोट म्हणजे शंभर, पंजा म्हणजे पाचशे, हे मला कोणत्या क्रमिक पुस्तकात शिकविले होते? देवाने माणसास वाणी दिली आहे. कर्ता, कर्म व क्रियापद यांनी युक्त असे एक वाक्य उच्चारून जी गोष्ट सांगता येते, तिच्यासाठी दोन प्रौढ पुरुषांनी भर बाजारात कपड्याखाली बोटे चेपावीत, हा कुठला व्यवहार? विकणाराने नऊशे मागितले आणि घेणाराने हजार दिले, असा सौदा अकोल्याच्या बाजारात आजवर झाला नाही, असे तेथील एका वृद्धाने मला अभिमानाने सांगितले.

मी तत्काळ खुलासा केला. आठशेच आहेत, असे बंडी चाचपून सांगितले. निदान तुझ्या नऊशेवर तरी ये, असेही म्हटले. त्यावर पुंजाराम हात जोडून म्हणाला, "म्या नऊशेच म्हनलं होतं गुरुजी, पन तुमी हजार देल्ले. देनाऱ्याचा हात म्या कसा खाली करू?" सौदा मोडा म्हणावे, तर मोटारीखालून नत्थुजींचे पाय बोलले, "हात दाबला म्हन्जे जबान देल्ली गुरुजी. आता फिरसान, तं वऱ्हाडात कोनी मास्तरच्या शब्दाले मानन नाई." चाळीस वर्षे मी मुलांकडून 'शब्द पाळावा' हे वाक्य पाटीवर गिरवून घेतले. मी बंडीची शिवण उसवली.

तात्पर्य, आठशे रुपये देऊन मोटार माझी झाली. उरलेल्या दोनशेंच्या हमीदाखल पुंजारामाने तिची चारही चाके काढून घेतली. (यात त्याला काहीच वावगे वाटले नाही. "मोटार तुमची, चाकं मायी," असे म्हणून त्याने मला चहा पाजला.) ती निळी, साहेबी, चामडी आसनांची मोटार सध्या अकोल्यास विटांवर उभी आहे आणि पुंजाराम तिला पावसापाण्याची ताडपत्री मोठ्या प्रेमाने घालतो, असे कळते. भाऊबीज हुकली ती यामुळे. यात माझा अपराध कोणता, तो कृपा करून शुद्ध मराठीत कळवावा.

ती. पार्वताबाईंना साष्टांग नमस्कार सांगावा आणि पौर्णिमेच्या आत त्यांची लेक त्यांच्या समोर असेल, असे माझे नाव घेऊन सांगावे. मुलांस आशीर्वाद. कळावे, लोभ आहे तो तुमच्या पत्रांतील भाषेकडे न पाहता वाढविण्याचा मी यत्न करीन.

तुमचा,
केशवराव

ता. क. एक गोष्ट लिहावयाची राहिली. बैलबाजारात तुमच्या हातास मान आहे, असे पुंजाराम बोलता बोलता म्हणाला. तुमचे नाव काढताच तो उठून उभा राहिला. (मी इतकी वर्षे तुमच्या या विद्येस विद्या मानले नाही, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.) तरी पत्र पोचताच तुम्ही अकोल्यास जाऊन त्याच दुपट्ट्याखाली त्याच इसमाचा हात धरावा आणि हजाराचे आठशे करून चाके सोडवावीत. नंतर नत्थुजी मोटार हाकीत आणतील. हे काम माझ्याने होणार नाही. तुमच्याने होईल.

दुसरा ता. क. वरील ता. क. पारावर वाचू नये.

(खालचा मजकूर मायाच हातचा हाय, खुशाल. हे मायापाशी पाकीट चिकटवाले देऊन देवपूजेले बसले.)

खुशाल बापू, तू अकोल्याले जाऊ नको. नत्थुजीले मोटार हाकता येत नाई. थो काल मायापाशी रडून गेला, का वैनी, म्या फक्त खालून पाह्यली, वरून मले काई समजत नाई. मोटार राहू दे तिथंच. विटा काई खात नाई तिले. संक्रातीच्या बाजाराले जाशीन तवा सोडव.

आमी एकादशीले सकाळच्या आगगाडीनं धामणगावले उतरतो. दमणी पाठव, चांगले शांत बैल जुंप. तनीस भरपूर टाक अन् वरून दोन गाद्या टाक, पाय लांब करता आले पायजेन. मायासाठी नाई. माये गुडघे काल बी बरे होते, आज बी बरे हायेत. म्या दर शुक्रवारी देवीच्या टेकडावर जाऊन येतो. गुडघे त्यायचे गेले. तीन सालापासून लोकाईले माये सांगतात, अन् म्या हो म्हनतो. गेल्या साली दमणीत चढतानी पडले ना, पोरं हासले, तवापासून त्यायनं गाडीचं नाव काढलं नाई. मायनं दसऱ्यापहिले धाडलेल्या निरोपात जावायाचंच नाव घेतलं, मायं नाई घेतलं, हे त्यायले ठाव हाय. म्हनूनच मोटार मोटार करून राहिले.

म्या आज सांगतो त्यायले, का मायच्यानं आता थांबवत नाई, म्या दमणीनं जातो, तुमी याले पायजे. येतीन.

एक काम कर. दमणीच्या मांगं उंच पाट ठेव, अन् गाडीवानाले शिकवून ठेव, का त्यायचा हात धरतानी मोठ्यानं म्हनावं, "बाईचे गुडघे दुखतेत म्हनून मालकानं पाट देल्ला." पहिले म्या चढतो, कन्हत कन्हत. मंग त्यायले चढव.

— तुयी बाई, माणिक