गोपाळपूरपर्यंतचे मुक्काम

बेहाला, कोलकाता
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अनुजा हिला,

अनेक आशीर्वाद. इथे आम्ही दोघं ठीक. विवेकची पाठ अधूनमधून कुरकुरते, पण बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याला कुरकुरायला तेवढीच एक सोबत उरली आहे. बेहाल्यात थंडी पडली, असं इथले लोक म्हणतात. पारा बाविसावर आला आणि शेजारच्या शर्मिष्ठादींनी माकडटोपी काढली. मी अजून पंखा लावते.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू "बघू या हं वहिनी" म्हणतेस, तेवढ्यात तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि विषय संपतो. म्हणून कागद घेऊन बसले.

तर ऐक. जानेवारीत आपण चौघांनी समुद्रकाठाने फिरायचं. तुम्ही दोघं सांगलीहून पुण्याला येऊन हावड्याच्या गाडीने या, दोन दिवस आमच्याकडे पाय पसरा, मग आमच्या गाडीने थेट गोपाळपूरपर्यंत. विवेक आणि कौस्तुभभाऊजी आलटूनपालटून चालवतील. आपण दोघी मागे बसून त्यांच्या चुका काढू.

कुठे कुठे थांबायचं ते ठरवायला मला तीन आठवडे लागले. आमच्या ऋताने बंगळुरूहून "जोडप्यांसाठी समुद्रकाठचे मुक्काम" अशी एक यादी पाठवली होती. उघडून बघते तर जिथे तिथे पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या आणि टॉवेलचे हंस. एका हॉटेलवाल्याने तर फोनवर विचारलंच, "हनिमून कपल, मॅडम?" मी म्हटलं, "दो कपल हैं भैया, चारों की उमर मिलाकर दो सौ तीस. हंस नहीं चाहिए, कमोड चाहिए." बिचारा एकदम अदबीने बोलायला लागला.

मग यादी बाजूला ठेवली आणि स्वतःचे नियम केले. दिवसाकाठी चार तासांच्या वर गाडी चालवायची नाही. खोली तळमजल्यावर, तुझ्या गुडघ्यांसाठी. भाऊजींना साखरेचा त्रास आहे, म्हणून दुपारचं जेवण एकच्या आत मिळायला हवं. पहाटे पाचला चहा मिळेल का, हे प्रत्येक ठिकाणी विचारलं, कारण तू पाचला उठणार आणि पाहुण्यासारखी बसून राहणार. आणि आपल्या दोन खोल्यांमध्ये एक तरी भिंत जास्तीची हवी, कारण विवेकचं घोरणं तुला ठाऊक नाही.

पहिला मुक्काम मंदारमणी. कोलाघाटला चहा घेऊन निघालो की दुपारी पोचतो. दुसरा चांदीपूर. तिथला समुद्र ओहोटीला इतका मागे जातो की दिसेनासा होतो, आणि मग त्याच्या मागे मागे लोक चालत जातात. तुला ते आवडेल असं मला का कोण जाणे वाटलं. मग पुरी. हा पल्ला लांबचा आहे, माझा नियम इथे मोडतो, म्हणून वाटेत कटकला जेवून तासभर आडवं व्हायचं. मी पुरीला एकच रात्र धरली होती. शर्मिष्ठादींनी (त्या मला बउदी म्हणतात, म्हणजे वहिनीच) ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "ओ माँ! पुरी में एक रात? दो रात से कम रुकना पाप है, बउदी!" म्हणून दोन केल्या. मग चिल्का सरोवराच्या काठी रंभा, आणि शेवटी गोपाळपूर. तिथे तर काही करायचंच नाही. व्हरांड्यात खुर्च्या आहेत, एवढं मी विचारून घेतलं आहे.

आता खरं सांगते. आईंना जाऊन सव्वा वर्ष झालं. अकरा वर्षं त्या अंथरुणावर होत्या आणि अकरा वर्षं तू त्यांचं केलंस. मी थोरली सून, पण इथून फोन करून सांगायची, कूस बदला, पावडर लावा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? आभार मानायला गेलं की तू "त्यात काय वहिनी" म्हणून चहा टाकायला उठतेस. तुला कुठे उठून जाता येऊ नये म्हणून हे लिहून पाठवते आहे. अनुजा, तू जे केलंस ते माझ्याच्याने झालं नसतं. विवेक त्याच्या आईविषयी शांत मनाने बोलू शकतो, तो तुझ्यामुळे.

तू म्हणशील, मागे एकदा गणपतीपुळ्याला निघालो होतो, त्याचं काय झालं? ते जाऊ दे. ते वेगळं होतं.

खोल्या मी धरून ठेवल्या आहेत. नाही म्हणू नकोस.

तुझी,
मृणालवहिनी


बेहाला
२९ नोव्हेंबर

चि. सौ. अनुजा,

आशीर्वाद. मंगळवारी तुझा फोन आला. "तुम्ही दोघं जाऊन या वहिनी, मला घराबाहेर झोप लागत नाही." मी लगेच पुन्हा वही उघडली. तुझी उशी आणायला सांगणार होते, पुरीचं हॉटेल रस्त्यापासून आत घेणार होते. त्यात दोन दिवस घालवले. मग काल भाऊजी विवेकला म्हणाले, "दादा, ती गणपतीपुळ्यापासून एक रात्र कुठे राहिलेली नाही. आई गेल्यावरसुद्धा नाही."

विवेकने मला हे सांगितलं आणि मी वही मिटली. हॉटेलं बदलून हे सुटणार नाही.

२०१८चा डिसेंबर. आईंच्या आजारपणाला पाच वर्षं झाली होती. तुमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. आम्ही सुट्टी काढून सांगलीला आलो आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "चार रात्री जाऊन या, आईंचं मी बघते." भाऊजींनी गणपतीपुळे, गुहागर, हर्णै, दिवेआगर असे चार मुक्काम आखले होते. तुम्ही एक रात्र राहिलात. दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी तुला फोन केला, "आई सकाळपासून जेवत नाहीत गं. तुझं नाव घेतायत. नुसत्या तोंड मिटून बसल्यात."

ते खोटं होतं. आई जेवल्या होत्या.

झालं असं, की त्या दिवशी मदतीच्या मावशी आल्या नाहीत. विवेक औषधं आणायला गेला होता. आईंचं जेवण झालं आणि थोड्या वेळाने अंथरूण खराब झालं. सगळं. तू ते रोज करायचीस, मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं. मी चादर ओढली, त्यांना कुशीवर वळवलं आणि मला उलटी आली. मोरीपर्यंतही पोचले नाही. आई बघत होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले, अनुजा, मला लाज वाटू नये म्हणून. कसंबसं आवरलं आणि मनात आलं, असे अजून तीन दिवस. मग तुला फोन केला.

तुम्ही संध्याकाळी आलात. हातपाय न धुता तू वाटी-चमचा घेऊन आईंजवळ बसलीस आणि त्या जेवल्या. जेवणारच होत्या, जेवणाची वेळ झाली होती. पण शेजारच्या बायका म्हणाल्या, "बघा, सुनेच्या हाताची चव." मीही म्हणाले. विवेकला हे कालपर्यंत माहीत नव्हतं. ऐकून तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

सांगितलं का नाही, तेही लिहिते. आधी लाजेने. नंतर दुसरंच कारण झालं. वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर तू बायकांमध्ये बसली होतीस आणि म्हणालीस, "माझ्याशिवाय आईंच्या घशाखाली घास उतरत नसे. एकदा मी गावाला गेले तर जेवल्याच नाहीत." तुझा चेहरा उजळला होता. मला वाटलं, अकरा वर्षांत हिला कुणी काही दिलं नाही, जे मिळालं ते एवढंच. आणि तेही मी दिलेलं खोटं. ते काढून कसं घ्यायचं?

पण त्याच खोट्याने तुला घरात बांधून ठेवलं. तुझे तीन मुक्काम मी घेतले आणि पुढची सात वर्षंही. कमोड आणि पाचचा चहा विचारत मी तीन आठवडे फिरले, ती सगळी टाळाटाळ होती.

खोल्या अजून आहेत. तू आलीस तर मी कृतज्ञ आहेच, नाही आलीस तरी तेवढीच राहीन.

आज आशीर्वाद देत शेवट करण्याचा मला हक्क वाटत नाही.

मृणाल


सांगली
९ डिसेंबर

ती. सौ. मृणालवहिनींना,
सा. न.

पत्र मिळालं. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. दोन दिवस ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. मग ह्यांना दाखवलं. ते वाचून म्हणाले, "वहिनींनी लिहिलं तरी." मी म्हटलं, तुम्हाला समजूतदारपणा सुचतोय, मला नाही. त्या दिवशी भाजी करपली.

मला राग आला आहे. तो लगेच जायचा नाही. उलटी झाली म्हणून नाही. मलाही पहिल्या महिन्यात व्हायची, तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. "मला जमत नाही, ये" एवढंच म्हणाला असतात तरी मी आले असते.

पण वहिनी, पत्र वाचून मी रडले ते रागाने नाही.

तुम्ही वर्षश्राद्धाला माझा चेहरा बघितलात, पण मी ते का सांगत सुटते हे तुम्हाला माहीत नाही. त्या दिवशी गणपतीपुळ्याहून येताना मी वाटेत पाणीसुद्धा प्यायले नाही. आई उपाशी आहेत आणि मी समुद्रात पाय बुडवून हसत होते, हेच डोक्यात. त्यांनी माझ्यावाचून घास घेतला नाही, असं मोठ्या आवाजात सांगितलं की ते माझ्या मायेचं वाटायचं. एकटी असले की वाटायचं, मी मजा करायला गेले आणि म्हातारं माणूस उपाशी ठेवलं. भाचीच्या लग्नालाही मी सकाळी जाऊन संध्याकाळी परतले. आई गेल्या तरी सवय राहिली. रात्री बाहेर राहायचं म्हटलं की वाटतं, घरी कुणीतरी उपाशी आहे.

त्या जेवल्या होत्या, हे कळलं. तुम्ही माझ्याकडून काही काढून घेतलं नाहीत.

आम्ही येतो. ह्यांनी तिकिटं बघितली आहेत. पुरीला दोन रात्री आहेत ना, तिथे मी तुमच्याशी भांडणार आहे, तयारीत राहा. पाचच्या चहाचं विचारलंत ते बरं केलंत.

एक गोष्ट मात्र कळवा. त्या दिवशी आई काय जेवल्या?

तुमची,
अनुजा


बेहाला
१६ डिसेंबर

प्रिय अनुजा,

तुझं पत्र विवेकने वाचलं, मी वाचलं, पुन्हा विवेकने वाचलं. मग तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आम्हाला एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पुरीच्या दोनाच्या तीन रात्री केल्या आहेत. मनसोक्त भांड. शर्मिष्ठादींना वाटतं आहे की मी अखेर सुधारले.

आता आई काय जेवल्या ते.

साडेअकरा वाजता. मऊ भात, मेतकूट, वर साजूक तूप. मेतकूट तूच निघायच्या आदल्या दिवशी दळून ठेवलं होतंस. वाटी संपली तेव्हा त्यांनी चमच्याकडे बघून भुवया वर केल्या. मी आणखी अर्धी वाटी कालवली, तीही संपली. तोंड पुसताना त्या काहीतरी म्हणाल्या. अर्धांगानंतरचं त्यांचं बोलणं तुला लगेच कळायचं, मला तिसऱ्यांदा कळलं. "अनुजाला समुद्र दिसला का?"

मी म्हटलं, हो आई. भाऊजींनी सकाळीच फोटो पाठवला होता, तो दाखवला. तू घोटाभर पाण्यात उभी होतीस, एका हाताने निऱ्या धरलेल्या. आईंनी मोबाइल आपल्या चांगल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग त्या आणखी एक वाक्य बोलल्या. तुला सांग म्हणून. मी हो म्हणाले. तासाभराने मी तुला फोन केला, तेव्हा ते सांगितलं नाही.

मागच्या पत्रातही लिहिलं नाही. "जेवल्या होत्या" एवढं लिहून थांबले, कारण हे वाचलंस तर तू येणारच नाहीस अशी भीती वाटली. म्हणजे कबुली देतानाही मी थोडं स्वतःसाठी राखून ठेवलं. आता तुझं येणं ठरलं आहे म्हणून लिहिते आहे असंही तू म्हणू शकतेस. म्हण. पण हे माझं नाही, ठेवून घेण्याचा मला अधिकार नाही.

त्या म्हणाल्या, "तिला सांग, मी जेवले. घाई करू नको म्हणावं. सगळे दिवस राहून ये."

आईंचा निरोप सात वर्षं उशिरा आणणारी,
मृणाल