गगनबावडा हजर

१४ मे

वरून नवं फर्मान आलंय — मागच्या वर्षीचं बजेट जरा वाढवून पुढं ढकलायचं नाही. सगळं शून्यापासून मांडायचं. प्रत्येक पद का हवं, ते नव्यानं पटवून द्यायचं. बरोबरच आहे म्हणा! मार्चएंडला नको त्या खुर्च्या खरेदी करू नका म्हणून लेखा विभागात मीच कुरकुरत होते. आता कात्री माझ्याच हातात दिलीय.

गगनबावड्यात दोन पदं उरलीत. पूरनियंत्रणाचा वायरलेस ऑपरेटर आणि उपकेंद्रातली नर्स. एकच ठेवायचं.

ऑपरेटरच्या त्या खुर्चीवर माझ्या वडिलांची, आबांची, सगळी नोकरी झाली.

१६ मे

आज कामात लक्षच नाही. लहानपणी गगनबावड्याच्या क्वार्टरच्या खिडकीतून धुकं आत यायचं. शेगडीवर टोपली पालथी घालून आई माझा फ्रॉक वाळवायची. सकाळी आठला वायरलेसवर कोल्हापूर एकेका केंद्राचं नाव पुकारायचं. राधानगरी? हजर. गगनबावडा? चहाचा घोट गिळून आबा म्हणायचे — हजर. पाऊस किती, ते नंतर. घाट बंद, वीज नाही, एसटी नाही, पण कोल्हापुरात कुणीतरी आपलं नाव घेतलं, एवढ्यानंही मला बरं वाटायचं.

एकदा आबांनी माइक माझ्यापुढं धरला. मी किंचाळले — हजर! पलीकडून आवाज, "कृष्णात, आवाज बारीक झाला की तुझा!" सगळी केंद्रं हसली. फार आठवण येते त्या दिवसांची.

२० मे

बैठक. विश्वजित साहेब म्हणाले, "आता सगळ्यांकडं मोबाइल हायत की, मॅडम. रोज हजर म्हणायला पगार द्यायचा?" सगळे हसले. मीपण हसले. घरी येईपर्यंत स्वतःचाच राग येत होता.

२३ मे

आबांना सांगून टाकलं. ते लगेच म्हणाले, "नर्सच ठेव. बाळंतीण अडली तर वायरलेस काय करणार हाय?"

मग आमटी दुसऱ्यांदा घेतली नाही.

२४ मे

सही केली. १ जूनपासून ऑपरेटरचं पद बंद.

३१ मे

उद्यापासून पावसाळ्याचा पुकारा सुरू. गुंडू, गगनबावड्याचा ऑपरेटर, आबांच्याच हाताखाली शिकलेला. त्याला इथं कोल्हापूरच्या नियंत्रण कक्षात घेतलंय. जेवताना आबांनी विचारलं, "सेट कधी काढणार?" म्हटलं, पुढच्या आठवड्यात. "आन् खोलीची चावी?" गुंडूकडंच आहे अजून. बरं म्हणाले. जेवण झाल्यावर जरा स्टँडपर्यंत फिरून येतो म्हणून गेले.

१ जून

सकाळी आबांचं अंथरूण घडी केलेलं, छत्री जागेवर नाही. फिरायला गेले असतील म्हटलं.

मग गुंडूचा फोन. "मॅडम, रागावू नका. चावी काल मीच दिली आबांना. आपल्या यादीत नाव न्हाय, मी पुकारलंबी न्हाय. सगळ्यांचं झाल्यावर आवाज आला — गगनबावडा हजर. आबा म्हणत्यात, कुणी खर्च इचारला तर शून्य सांगा."