उंदीर पळाला का?

४ मार्च

डब्यात खडखडाट. हे कामाच्या शोधात गेले ते गेलेच, निरोपही नाही. आज मी कापणी झालेल्या शेतात गेले. वर सांडलेले दाणे पाखरांनी केव्हाच टिपले, म्हणून आम्ही बायका उंदरांची बिळं उकरतो. त्यांनी साठवलेला गहू आपण आणायचा — चोरावर मोर! दोन ओंजळी मिळाल्या.

सासूबाईंना हल्ली दिसत नाही, पण मी दारात आले की पहिला प्रश्न ठरलेला — उंदीर पळाला का? बीळ उकरताना उंदीर पळाला नाही, तर तिथला दाणा उचलायचा नाही, हा त्यांचा नियम. शिवाय मूठभर गहू बिळात परत ठेवायचा. घरात खायला नाही आणि उंदराचे लाड!

५ मार्च

शिजलं की आधी सासूबाई जेवणार. रोजचंच. वर आम्हाला थांबवून ठेवतात, "जरा वेळ जाऊ दे." चिमणी पाच वर्षांची, भुकेने रडते. आज माझ्या तोंडून निघालंच — हावरट म्हातारी. चिमणी माझ्याकडे बघत राहिली.

७ मार्च

काही नाही. पाणी पिऊन झोपलो.

८ मार्च

शेताचा राखणदार भेटला. मालक उंदरांवर फार चिडलाय, इकडे फिरकू नका म्हणाला. आम्हाला हुसकायला यांना काहीतरी निमित्त लागतंच!

तो वळल्यावर कडेचं बीळ उकरलं. उंदीर नाहीच, आणि गहू केवढा! दाणे जरा काळपट, ओल लागली असेल. मूठभरही ठेवले नाहीत. कोणासाठी ठेवायचे?

"उंदीर पळाला का?"

"पळाला, आई."

घरी तीनदा धुतले. आता शिजत आलेत. चिमणी चुलीपासून हलत नाही.

१० मार्च

सासूबाई काल पहाटे गेल्या.

परवा नेहमीसारख्या आधी जेवल्या. थोड्याच वेळात पोटात कळा सुरू झाल्या. चिमणीने ताटली पुढे केली होती. सासूबाईंनी चाचपडत पातेलं शोधलं आणि सगळं अंगणात ओतून टाकलं. "पोरीला देऊ नकोस," एवढंच बोलल्या. मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

राखणदार आज सांगतो, मालकाने बिळांत विष टाकलंय. आधी सांगायला जीभ झडली होती का? आणि मी तरी खोटं का बोलले? जीव नुसता जळतोय.

१६ मार्च

लांबच्या शेतात गेले. उंदीर पळाला, डोळ्यांनी पाहिला. मूठभर गहू परत ठेवले. शिजवलं, आधी मी वाढून घेतलं. चिमणीला म्हटलं, जरा वेळ जाऊ दे.

ती माझ्या ताटलीकडे बघत म्हणाली, "आई, आता तू पण हावरट."