मागच्या सीटवरचं भाडं

वेरेश्चिन,
मार्च, रविवार दुपार

प्रिय लारिसा,

तुमच्या वाहतूक खात्याची नोटीस मिळाली. तुझी आई विनापरवाना टॅक्सी चालवते म्हणे! या वयात मला धंदा जमला याचं आधी हसू आलं, मग डोकं तडकलं. ‘यापुढे गाडीत कुणाला बसवणार नाही’ असं लिहून दिलं तर प्रकरण मिटेल, नाहीतर लायसन्स जाईल. माझं लायसन्स गेलं की शेजारच्या ओरेस्टचं डायलिसिस गेलं. आठवड्यातून तीनदा, बर्फ असो नसो, दोन तासांचा रस्ता. त्याला दुसरं कोण नेणार आहे, तूच सांग.

तू कॉलेजातून शुक्रवारच्या बसने यायचीस, आठवतं? खिडकीतूनच हात हलवायला लागायचीस. ती बस तोट्यात चालते म्हणून सरकारने बंद केली. मग आपलं हॉस्पिटल शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेलं, पाठोपाठ बँक गेली, डोळ्यांचा डॉक्टर गेला. दर वेळी छापील कागद यायचा की आता सगळ्या सोयी एकाच छताखाली. छत चांगलंच असेल गं, पण ते आमच्या डोक्यावर नाही. कॅनडातल्या म्हाताऱ्यांनी आजारी पडायचं तर शहराजवळच पडावं, असा कायदाच करून टाका. आणि गेल्या महिन्यात काय आलं? ‘गाडी कमी वापरा, बस किंवा सायकलने जा’ असं पत्रक! उणे तीसमध्ये एडिथ क्लासेन डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सायकलवर निघालीय, असं मी तिला रंगवून सांगितलं. ती इतकी हसली की कवळी हातात घ्यावी लागली.

आता टॅक्सीचं ऐक. इथे फुकट कुणी बसत नाही, हे तुला ठाऊक आहे. उतरताना मागच्या सीटवर काहीतरी ठेवायचंच, मग डझनभर अंडी असोत, बटाटा भरलेल्या पिरोगी असोत, नाहीतर बेरीचा मुरंबा. नाही म्हटलं तर माणसं पुन्हा गाडीत पाऊल टाकत नाहीत. त्या दिवशी बर्फात एकाची गाडी खड्ड्यात गेलेली दिसली, म्हणून त्यालाही घेतलं. तो निघाला तुमचा इन्स्पेक्टर. ओरेस्टने मुरंब्याची बरणी ठेवली तेव्हा हा गोड आवाजात विचारतो, “हे काय, आजोबा?” आणि आमचा शहाणा छाती पुढे काढून म्हणतो, “भाडं! मी काय फुकट्या वाटलो तुला?” झालं. मोबदला सिद्ध. गाडीत फुकट बसला तो एकटा इन्स्पेक्टर, म्हणजे तुमच्या नियमाने तेवढाच माझा कायदेशीर प्रवासी.

हसू नकोस, पुढचं वाईट आहे. नोटीस आल्यावर ओरेस्ट दारच उघडेना. आतून म्हणाला, “माझ्या तोंडाने तुझं लायसन्स घालवलं, व्हेरा. मी नाही येत आता.” डायलिसिसची एक खेप त्याने चुकवली. दुसऱ्या खेपेला मी मागच्या दाराने घुसले, तर पाय सुजून बुटात जात नव्हते, बोलताना धाप लागत होती. मी घाबरले गं. घाबरले की मी ओरडते, तुला माहीतच आहे. “मेल्या, लाज वाटते म्हणून जीव देतोस?” असं म्हणून त्याला सपाता घालूनच गाडीत कोंबलं. वाटेत तो रडत होता आणि मी त्याला शिव्या देत होते.

काल फोनवर तू म्हणालीस, “आई, सही करून टाक ना. तुझी सुनावणी माझ्याकडेच आलीय, मी त्या दिवशी रजा टाकतेय.” तेव्हापासून हे पत्र मनात चाललंय. आईचा निकाल लेकीने देऊ नये, कबूल. दुसरा कुणी देऊ दे. पण रजा टाकून घरात लपायचं नाही. सही मी करणार नाही. ओरेस्ट आणि एडिथ साक्षीला येणार आहेत, आणि सुनावणी तुमच्या शहरात. बस नाही. म्हणजे दोघांना मीच आणणार, याच गाडीतून, भर दिवसा, तुमच्या कचेरीच्या दारात. तू तिथे उभी राहा. ओरेस्टला आता आधाराशिवाय उतरता येत नाही. दार उघडून त्याला हात द्यायचा आहे तुला, तुझ्या सगळ्या साहेबांसमोर.

तुझीच, लायसन्स अजून खिशात असलेली,
आई