काळपट दगडाची चमक

शनिवार संध्याकाळ, बॉथेल

डोकं फिरलंय नुसतं. गेल्या महिन्यात शेजारच्या मृणालच्या बाळाच्या बारशाला आमच्या नवरोबांनी काय नेऊन द्यावं? माझ्या शेल्फवरचा तो काळपट दगड! वर, "हिच्या आयडाहोच्या खाणीतली अस्सल चांदी" म्हणे. अरे, घरात जिऑलॉजिस्ट बायको आहे, तिला विचारायचं तरी! त्यात चांदी नावापुरती, बाकी बहुतेक शिसं. चांदी पुष्कळदा अशीच सापडते, शिशाच्या पोटात.

आज सहज त्यांच्याकडे डोकावले, तर मृणालच्या सासूबाई सहाणेवर तोच दगड उगाळायला बसलेल्या. शेजारी मधाची वाटी.

"सोनं चाटवतात ना, तशी चांदी. बाळाला चांगली असते."

"काकू, ते शिसं आहे! विष आहे!"

मी दगड हिसकावूनच घेतला. काकू फुगल्या. "दिलेली भेट कुणी परत नेतं का? आणि चांदी नाही, तर खाणीत काढता तरी काय?" मग हळूच म्हणाल्या, "आजच काढला होता गं. अजून चाटवलं नाही."

घरी येऊन दगड दिव्याखाली धरला. सगळा काळपट, पण एक कोपरा लख्ख चमकतोय. झिजून तिरका झालाय.

हे एका दिवसाचं काम नव्हे.

मृणालला फोन लावतेय. बाळाची ब्लड टेस्ट आजच्या आज व्हायला हवी. उचल गं बाई, उचल.