अस्वल दिसलं, आबा

बुलढाणा

प्रिय आबा,

तुमच्या आणि आईच्या पाया पडते.

मी अगदी मजेत आहे, हे आईला आधी वाचून दाखवा. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे.

"जंगल पाहाले काऊन जाता?" म्हणून तुम्ही रुसून बसलात, तरी मी बिलकिस आणि बाकीच्या मैत्रिणींसोबत ज्ञानगंगा अभयारण्यात आले. नीलगायी दिसल्या, मोर तर पुष्कळ.

आज सकाळी जिप्सी वळणावर आली आणि समोरच अस्वल. गाडीवाल्यानं इंजिन बंद केलं. बिलकिसनं माझा हात घट्ट धरला. "डोये नको मिटू, सुचिता," ती हळूच म्हणाली.

मी डोळे मिटले नाहीत. तुमच्या गालावरचा अस्वलाच्या नखांचा व्रण लहानपणापासून पाहत आले आहे. अस्वल दिसलं तर राग येईल, असंच वाटलं होतं.

ते मागच्या पायांवर उभं राहिलं, आमच्याकडे तोंड करून हुंगत राहिलं. मग खाली टेकून वळलं, तेव्हा दिसलं, पाठीवर दोन पिलं केस धरून चिकटली होती. त्यांना घेऊन ती पळसाच्या झाडीत गेली. मला राग आलाच नाही, आबा.

डोळ्यांत थेंब टाकता ना? हरभऱ्याला पाणी द्यायला एकटे जाऊ नका, गोविंदाकाकांना सोबत न्या.

इतक्या वर्षांत एक विचारलंच नाही. त्या दिवशी तुमच्यावर धावून आलेल्या अस्वलाजवळही पिलं होती का?

तुमची,
सुचिता