पहिली मेढ

॥ श्री ॥

मधलीवाडी, आचऱ्याजवळ
१८ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन तू मध्येच ठेवतोस आणि नंतर रेंज गेली म्हणतोस, म्हणून हे पत्र. शिवाय फोनवरचं सगळं आतल्या खोलीत आईला ऐकू जातं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने कोकमांच्या पिशवीत घालून पाठवतेय. कोकमं रश्मीवहिनीची, पत्र तुझं.

काल देवळात कौल झाला. ८ डिसेंबरपासून गावपळण. तीन दिवस गाव रिकामा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी शिवेबाहेर खाडीकाठच्या मळ्यात. ते ठीकच. पण मानकरी आपल्या घरी आले ते वेगळंच विचारायला. विनीतचो फोन इलो होतो, आवशीक कणकवलेक हॉस्पिटलात ठेवतलास म्हणान, तर गाडी कधी येतली? माझ्याच घरातली गोष्ट मला गावाकडून कळते!

दादा, तू ठरवणारा कोण? गणपतीला आलास, उंबऱ्यातून आईला बघितलंस आणि मागच्या पडवीत जाऊन बसलास. त्यानंतर डोंबिवलीत बसून उंटावरून शेळ्या हाकतोयस. पोटाच्या कॅन्सरवर आता इलाज नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं. मागच्या वेळी नळ्या काढून घरी आणलं तेव्हा आईने माझा हात धरून सांगितलं होतं, माका परत थंय व्हरू नको. मी शब्द दिलाय.

माझं काम काय आहे हे तू लोकांना सांगताना लाजतोस, ‘दवाखान्यात आहे’ म्हणून मोकळा होतोस. तर ऐक. ज्यांचे उपचार संपलेत त्यांच्या घरी जाऊन मी त्यांचं दुखणं हलकं करते. पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशीवर वळवते, तोंड ओलं ठेवते, मॉर्फिन वेळेवर देते. परवा धामापुरात एका म्हाताऱ्याला पोरांनी गोळी अर्धी करून दिली, कारण काय, तर सवय लागेल! माणूस आठवड्याचा सोबती, आणि त्याला सवय लागण्याची चिंता. मी त्या पोरांना अंगणात उभं करून असं झाडलं की शेजारचे कामं टाकून बघत राहिले. तुलाही तसंच झाडावंसं वाटतंय.

आई कुठेही जाणार नाही. गाव जाऊ दे, मी तिच्यापाशी घरात राहीन. देवाचा कोप व्हायचा तर माझ्यावर होऊ दे.

लोभ आहेच, तूर्त राग जास्त आहे. दोन्ही गोड मानून घ्यावेत.

तुझी,
सारिका

॥ श्री ॥

डोंबिवली
२२ नोव्हेंबर

चि. सारिका हिस,
अ. उ. आ.

कोकमं पोचली. पत्रही पोचलं आणि चांगलंच झोंबलं. लहानपणीही तू अशीच, आंब्याच्या ढिगावर चढून बसायचीस आणि कोणाला हात लावू द्यायची नाहीस. आता आईच्या उशाशी तशी बसली आहेस. ती तुझी एकटीची आई नाही.

घरात राहीन म्हणतेस! उद्या गावात कोणाची गाय मेली, कोणाची होडी उलटली, तर बोट आपल्याच घराकडे दाखवतील. तू कणकवलीला नोकरीच्या खोलीवर निघून जाशील. बाबू काका आणि हौसाबाई काकींना तिथेच दिवस काढायचे आहेत, याचा विचार केलास? आणि मळ्यात, झावळांच्या खोपीत, दंवात त्या बाईला टाकायचं? त्यापेक्षा तीन दिवस स्वच्छ खाट, पंखा, हाकेला डॉक्टर. यात मी काय पाप केलं ते सांग.

आणखी एक. तिला कॅन्सर हा शब्द कळता कामा नये. ती अल्सर समजते आहे तेच बरं. कळलं तर ती खचेल. तू तुझ्या रोग्यांना काय ते सांग, आपल्या घरात तुझं शास्त्र आणू नकोस.

उंबऱ्यातून बघितलं म्हणतेस. होय. आईचे दंड बघितले आणि पुढे पाऊल उचललं नाही. तुला रोज बघायची सवय आहे, मला नाही. त्यावरून टोमणे मारू नकोस.

गाडी मी सांगून ठेवली आहे. राग आवर आणि आईला सांभाळ. वहिनी आणि तन्वी तुझी आठवण काढतात, मीही काढतो, पण ते तुला सांगायची सोय राहिलेली नाही.

तुझा दादा,
विनीत

॥ श्री ॥

मधलीवाडी
२७ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी गाडी रद्द कर. माझाही हट्ट मी रद्द केलाय. का, ते वाच आणि माझ्यासारखाच शरमेने खाली बघ.

काल हौसाबाई काकी खोपीचा हिशेब करायला आली. छपराला किती चुडतां लागतील, चुली किती, असं बाहेर बोलणं चाललं होतं. एवढ्यात आतून आईने हाक मारली. गेल्या महिन्यात एवढा खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता. म्हणाली, हौसा, माझी मांदरी तुज्या बाजूक घाल, आणि ती निळी गोधडी विसरू नको.

मी आत धावले. तिला समजावू लागले की तुला घरीच ठेवणार आहे, कोणी हलवणार नाही. तर ती माझ्यावरच उसळली. तुमी दोघां माझ्यावरसून भांडतास, माका कोणी इचारल्यानी? पोट माझा आसा, आत काय आसा ता माका कळत नाय काय? अल्सर म्हणे! मग म्हणाली, लग्न होऊन आल्यापासून एकही पळण तिने चुकवली नाही. सासूचा डोळा नाही, घर सारवायचं नाही, सगळ्या बायका एका रांगेत निजायच्या आणि पोट दुखेपर्यंत हसायच्या. बाईला तेवढीच सुट्टी. आणि तीच आम्ही काढून घ्यायला निघालो होतो, तू पंख्याखाली आणि मी कुलपाआड.

दादा, मी घरोघर जाऊन बजावते की आधी रोग्याला विचारा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझा इतका संताप झालाय माझ्यावर की काल ताट तसंच सारलं.

आता कामाचं. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे, खोपीची पहिली मेढ घरच्या मुलाने पुरायची. बाबा गेल्यावर ती बाबू काकांनीच पुरली, कारण तुला कधी रजा नव्हती. आई म्हणते, यंदा माझो झील पुरतलो. मी तिला हो म्हणून बसलेय. औषधं, गादी, खुर्चीवरून न्यायला चार माणसं, सगळं माझ्याकडे. तू फक्त ये. आणि आलास तर उंबऱ्यात थांबू नकोस. तिथे उंबरा नसणारच आहे म्हणा.

आलास तर लोभ, न आलास तर तो मागू नकोस.

तुझी,
सारिका

मधलीवाडी
१२ डिसेंबर

दादा,

सुतकात श्री लिहीत नाहीत, नमस्कारही नाही. फोनवर तू रडत होतास आणि मी गप्प होते. गप्प होते कारण तोंड उघडलं असतं तर वाईट बोलले असते. आता लिहिते.

तू आलास. मेढ पुरलीस, हाताला फोड आले ते आईला दाखवलेस, तिने त्यावर फुंकर घातली. तिच्याजवळ बसलास, तिचे दंड चेपलेस. मला वाटलं, झालं, आता राहील. आणि संध्याकाळच्या गाडीने निघालास! ऑफिसात तपासणी म्हणे. आई मात्र येईल-जाईल त्याला मेढ दाखवत होती, माझ्या विनीतान पुरल्यान. खोप आम्ही दहाजणांनी बांधली, पण नाव तुझ्या एका खांबाचं. त्याचाही मला राग आला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दुखणं ताब्यात होतं. बायका तिच्या भोवतीच बसून कोणाकोणाच्या सासूच्या नकला करत होत्या. आई डोळे मिटून हसत होती. दुपारी हौसाबाई काकीने बांगड्याच्या तिखल्याचा रस बोटाने तिच्या जिभेला लावला. आई म्हणाली, मीठ कमी आसा. त्यानंतर काही बोलली नाही. ऊन कलायच्या आत गेली. माझ्या हातात तिचा हात होता. इतक्या घरांत मी हे पाहिलंय, तरी मला काही सुचलं नाही. काकीनेच तिचे डोळे झाकले.

तू सकाळच्या आत पोचणार नव्हतास, गावात नेता येत नव्हतं, उघड्यावर ठेवणार कुठे? खाडीकाठीच केलं. अग्नी मी दिला. दोन-चारजण कुजबुजले. बाबू काकांनी त्यांना असा आवाज दिला की पुन्हा कोणी बोललं नाही.

काल कौल मिळाला आणि गाव घरी परतला. सगळ्या खोपी मोडल्या, मेढी उपटून आणल्या. मळ्यात आपलं काही मागे ठेवायचं नसतं. तुझी मेढ मात्र मी कोणाला काढू दिली नाही. मानकरी रागावले, काकी रागावली. मी सांगितलं, ज्याने पुरली तोच येऊन उपटील.

आता दहाव्यालाच येईन म्हणालास, तेव्हा आधी घरी येऊ नकोस. सरळ खाडीवर ये. कुदळ मी घेऊन येते.

सारिका